इलेक्ट्रॉन निघतो, आयन येतो

पारदर्शक वाहक लेप असलेली एक काच घ्यायची. तिच्यावर पॉलिअॅनिलिन या बहुवारिकाचा, म्हणजे पॉलिमरचा, अगदी पातळ पापुद्रा चढवायचा. ती काच आम्लाच्या सौम्य द्रावणात बुडवून तिचे विद्युतविभव सावकाश वाढवत न्यायचे. सुरुवातीला पापुद्रा फिकट पिवळसर, जवळजवळ रंगहीन असतो. विभव थोडे वाढले की तो हिरवा होतो. आणखी वाढवले की निळा आणि शेवटी जांभळट होतो. विभव उलट दिशेने फिरवले की रंगही आल्या वाटेने परततात. याच वेळी पापुद्र्यातून वीज किती सहज वाहते ते मोजले, तर त्याहून नवलाची गोष्ट हाती लागते. पिवळसर पापुद्रा विद्युतरोधक असतो, हिरवा वाहक असतो आणि जांभळट पुन्हा विद्युतरोधक असतो.

तांब्याच्या तारेचे असे काही होत नाही. व्होल्टेज वाढले म्हणून तांबे रंग बदलत नाही की वीज वाहून नेणे सोडत नाही. सिलिकॉनमध्येही एकदा घातलेली अशुद्धी बाहेरच्या बटणाने काढता-घालता येत नाही. वाहक बहुवारिके या दोघांहून निराळ्या जातीची आहेत. त्यांच्यात वीज वाहून नेणारा कण वेगळा आहे आणि तो निर्माण करण्याची रीतही वेगळी आहे. शिवाय त्यांच्यातल्या इलेक्ट्रॉनच्या प्रत्येक जमाखर्चाबरोबर एका आयनाचा जमाखर्च बांधलेला आहे. या पदार्थांची सारी ताकद, आणि त्यांच्या बहुतेक अडचणीसुद्धा, या जोडव्यवहारातून येतात.

एकाआड एक बंध

कार्बनच्या अणूकडे बंध करण्यासाठी चार इलेक्ट्रॉन असतात. पॉलिथिनच्या पिशवीत हे चारही पक्के गुंतलेले असतात, दोन शेजारच्या कार्बनांशी आणि दोन हायड्रोजनांशी. फिरायला मोकळा एकही नाही, म्हणून पॉलिथिन उत्तम विद्युतरोधक आहे. पॉलिअॅसिटिलिनमध्ये मात्र प्रत्येक कार्बनच्या वाट्याला एकच हायड्रोजन येतो. तीन इलेक्ट्रॉन साखळीचा सांगाडा बांधतात आणि चौथा उरतो. त्याचा ढग साखळीच्या प्रतलाच्या वर-खाली पसरतो आणि शेजारच्या अणूच्या ढगात मिसळतो.

हे सगळे उरलेले इलेक्ट्रॉन साखळीभर सारखेच वाटले गेले असते, तर पॉलिअॅसिटिलिन जन्मतःच धातूसारखे वाहक ठरले असते. तसे घडत नाही. एका रांगेतल्या अणूंची अशी समान मांडणी अस्थिर असते, हे रुडॉल्फ पायर्ल्स या भौतिकशास्त्रज्ञाने दाखवून दिले होते. अणू दोन-दोनच्या जोड्यांनी किंचित जवळ सरकतात आणि साखळीची एकूण ऊर्जा कमी होते. एक बंध आखूड आणि दुहेरी, पुढचा लांब आणि एकेरी, असा क्रम तयार होतो. पॉलिअॅसिटिलिनमध्ये ही लांबी सुमारे १.३६ आणि १.४४ अँगस्ट्रॉम अशी आलटून-पालटून येते. फरक इवलासा आहे, पण परिणाम मोठा आहे. भरलेल्या आणि रिकाम्या ऊर्जापातळ्यांमध्ये सुमारे १.५ इलेक्ट्रॉनव्होल्टची फट पडते आणि साखळी अर्धवाहक बनते. ही फट ओलांडण्याइतकी ऊर्जा साध्या तापमानाला फारच थोड्या इलेक्ट्रॉनांकडे असते. म्हणून शुद्ध पॉलिअॅसिटिलिन वीज जेमतेमच वाहून नेते.

चंदेरी पापुद्रा आणि ब्रोमीन

हिदेकी शिराकावा यांच्या टोकियोतल्या प्रयोगशाळेत १९६७ साली पॉलिअॅसिटिलिन बनवताना उत्प्रेरकाचे प्रमाण चुकून सुमारे हजारपट झाले. नेहमीच्या काळ्या भुकटीऐवजी द्रावणाच्या पृष्ठभागावर चकचकीत पापुद्रा जमला. शिराकावांनी तो टाकून न देता पापुद्रा बनवण्याची पद्धत पक्की केली. हा निर्णय मोलाचा ठरला, कारण भुकटीवर विद्युतवाहकता नीट मोजता येत नाही, पापुद्र्यावर येते.

मूळचे न्यूझीलंडचे रसायनशास्त्रज्ञ अॅलन मॅकडायर्मिड तेव्हा गंधक आणि नायट्रोजनच्या सोनेरी दिसणाऱ्या वाहक बहुवारिकावर काम करत होते. जपानच्या भेटीत त्यांनी शिराकावांचा चंदेरी पापुद्रा पाहिला आणि त्यांना पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात बोलावून घेतले. तिथे त्यांचे सहकारी होते भौतिकशास्त्रज्ञ अॅलन हीगर. २३ नोव्हेंबर १९७६ रोजी शिराकावांनी पापुद्र्यावर ब्रोमीनची वाफ सोडली आणि हीगर यांच्या गटातल्या च्वान चियांग यांच्यासोबत त्याची वाहकता मोजली. ती एक कोटी पटीने वाढली. १९७७ मध्ये हे काम प्रसिद्ध झाले आणि २००० साली हीगर, मॅकडायर्मिड व शिराकावा यांना रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

न्यायाने आणखी एक नोंद करायला हवी. ऑस्ट्रेलियात डोनाल्ड वाइस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६३ सालीच आयोडीनयुक्त पॉलिपायरोल चांगली वीज वाहून नेते, असे प्रसिद्ध केले होते. त्या कामाकडे तेव्हा फारसे लक्ष गेले नाही. पेनसिल्व्हेनियाच्या गटाचे वेगळेपण असे की त्यांनी वाहकता हवी तशी कमी-जास्त करून दाखवली आणि तिच्यामागचे भौतिकशास्त्र शोधायला सुरुवात केली.

ब्रोमीनने नेमके केले काय? त्याने साखळीतून इलेक्ट्रॉन काढून घेतला आणि स्वतः ऋणायन होऊन साखळीशेजारी बसला. हे सरळसरळ ऑक्सिडीकरण आहे. सिलिकॉनच्या डोपिंगमध्ये स्फटिकातला एखादा अणू हलवून त्याच्या जागी फॉस्फरस किंवा बोरॉनचा अणू बसवतात, आणि दहा लाख अणूंमागे असा एक किंवा त्याहूनही कमी असला तरी काम भागते. बहुवारिकात साखळीतला एकही अणू बदलत नाही. तिची इलेक्ट्रॉनसंख्या बदलते आणि प्रभार भागवणारा आयन शेजारी येऊन बसतो. प्रमाणही फार मोठे असते. पॉलिपायरोलमध्ये दर तीन-चार वलयांमागे एक धनप्रभार, म्हणजे एक प्रतिआयन असतो. पायरोलच्या तीन वलयांचे एकत्रित वस्तुमान सुमारे १९५ एकक आणि एका परक्लोरेट आयनाचे सुमारे ९९ एकक. म्हणजे पूर्ण डोपिंग झालेल्या अशा पापुद्र्याच्या वजनात सुमारे तिसरा हिस्सा बाहेरून आलेल्या आयनांचाच असतो. इतका मोठा घटक 'अशुद्धी' म्हणून बाजूला ठेवता येत नाही. त्याच्यासकट जे होते तो एक नवा पदार्थच असतो.

वीज वाहून नेते कोण?

इलेक्ट्रॉन काढून घेतला की त्याची रिकामी जागा साखळीभर मोकळी फिरू लागते, असे प्रथम वाटते. सिलिकॉनमध्ये तसेच घडते. बहुवारिकाच्या बाबतीत एका मोजमापाने या समजाला धक्का दिला. एकट्या, जोडीदार नसलेल्या इलेक्ट्रॉनला स्पिन असते आणि इलेक्ट्रॉन स्पिन अनुस्पंदन या तंत्राने ते ओळखता येते. प्रत्येक इलेक्ट्रॉन काढल्यावर मागे एक बिनजोडीचा इलेक्ट्रॉन राहत असेल, तर डोपिंगबरोबर स्पिनचा संकेतही वाढला पाहिजे. थोडे डोपिंग केलेल्या पॉलिअॅसिटिलिनमध्ये प्रभार वाढत होता, वाहकता वाढत होती, पण स्पिनची संख्या त्या प्रमाणात वाढत नव्हती. प्रभार होता आणि स्पिन नव्हते.

याचे स्पष्टीकरण १९७९ मध्ये डब्ल्यू. पी. सू, जॉन श्रीफर आणि अॅलन हीगर यांनी मांडले. हे श्रीफर म्हणजे अतिवाहकतेच्या सिद्धांतासाठी १९७२ चे नोबेल मिळवणाऱ्या तिघांपैकी एक. पॉलिअॅसिटिलिनच्या साखळीत बंधांचा क्रम दोन प्रकारे लागू शकतो. 'एकेरी-दुहेरी' किंवा 'दुहेरी-एकेरी'. दोन्हींची ऊर्जा अगदी सारखी. एका टोकाकडून पहिला क्रम आणि दुसऱ्या टोकाकडून दुसरा क्रम आला, तर मध्ये कुठेतरी सांधा पडणारच. हा सांधा एका अणूवर तुटक नसतो. सुमारे चौदा कार्बनांवर तो पसरलेला असतो आणि तिथे बंधांची लांबी हळूहळू बदलत जाते. मोठ्या सतरंजीवर पडलेली सुरकुती जशी हाताने सरकवली की या टोकापासून त्या टोकापर्यंत जाते आणि सतरंजी जागची हलत नाही, तसा हा सांधा साखळीवरून सरकतो. अणू आपापल्या जागी किंचित हलतात, प्रवास सांध्याचा होतो. त्याला सॉलिटॉन म्हणतात.

सॉलिटॉनच्या जागी ऊर्जाफटीच्या बरोबर मध्यावर एक पातळी तयार होते. तिथे एक इलेक्ट्रॉन असेल तर सॉलिटॉनला स्पिन असते, पण प्रभार नसतो. तो इलेक्ट्रॉन काढला तर धनप्रभार येतो आणि स्पिन जाते. दुसरा एक घातला तर ऋणप्रभार येतो आणि जोडी जमल्यामुळे स्पिन पुन्हा शून्य. नेहमीच्या इलेक्ट्रॉनच्या हे अगदी उलट आहे, आणि मोजमापातले कोडे नेमके इथे सुटते.

पॉलिपायरोल, पॉलिथायोफीन यांसारख्या वलयांच्या साखळ्यांत मात्र दोन्ही क्रमांची ऊर्जा सारखी नसते. वलयात दुहेरी बंध राहतात ती मांडणी स्वस्त पडते. दुहेरी बंध दोन वलयांना जोडणाऱ्या जागी सरकतात ती क्विनॉइड मांडणी महाग. त्यामुळे एकटा सांधा सुटून दूर जाऊ शकत नाही, कारण तो जितका दूर जाईल तितकी महाग मांडणी लांबत जाईल. इलेक्ट्रॉन काढल्यावर तयार झालेला धनप्रभार आणि बिनजोडीचा इलेक्ट्रॉन साधारण चार वलयांच्या विकृत टापूत एकत्र बांधले जातात. प्रभार आणि त्याने स्वतःभोवती घडवलेली ही विकृती मिळून पोलॅरॉन होतो. त्याला एक प्रभार आणि स्पिन दोन्ही असतात. डोपिंग वाढले की दोन धनप्रभार एकाच विकृतीत सामावू शकतात. हा बायपोलॅरॉन. त्याला दुहेरी प्रभार असतो, स्पिन नसते. पॉलिपायरोलमध्ये डोपिंग वाढवत नेले की स्पिनचा संकेत आधी वाढतो आणि मग ओसरतो, हे या चित्राशी जुळते. दाट डोपिंगमध्ये खरे बायपोलॅरॉन किती आणि शेजारी-शेजारी बसून एकमेकांचे स्पिन लपवणाऱ्या पोलॅरॉनांच्या जोड्या किती, यावर आजही गंभीर चर्चा चालू आहे.

रंगबदलाचे मूळही इथेच आहे. डोपिंग नसलेली साखळी फटीएवढ्या किंवा अधिक ऊर्जेचा प्रकाश शोषते. पोलॅरॉन तयार झाला की फटीच्या आत नव्या पातळ्या येतात, कमी ऊर्जेचा, अवरक्ताकडचा प्रकाश शोषला जाऊ लागतो आणि मूळचे शोषण फिके पडते. म्हणून लालसर पॉलिथायोफीन ऑक्सिडीकरणानंतर निळे होते, आणि त्याच्याच कुळातले पेडॉट हे गडद निळे बहुवारिक फिकट आकाशी व बरेचसे पारदर्शक होते. प्रभारवाहक किती तयार झाले हे संशोधक म्हणूनच रंगावरून वाचू शकतात.

विद्युतविभवाने केलेले डोपिंग

आयोडीन किंवा ब्रोमीनच्या वाफेने डोपिंग करता येते, पण त्यावर ताबा थोडाच राहतो. वाफ किती शिरली, कुठे थांबवायचे, परत कसे काढायचे, सगळेच अंदाजाने. १९७९ च्या सुमारास दोन गोष्टी घडल्या. पेनसिल्व्हेनियात मॅकडायर्मिड व हीगर यांच्या गटाने पॉलिअॅसिटिलिनचे डोपिंग विद्युतघटात करून दाखवले, आणि कॅलिफोर्नियातल्या सॅन होजे येथील आयबीएमच्या प्रयोगशाळेत आर्थर डायझ व सहकाऱ्यांनी पायरोलच्या द्रावणातून विजेच्या साहाय्याने थेट वाहक पापुद्रे वाढवले. तिथून या पदार्थांचे शास्त्र मोजूनमापून करता येऊ लागले.

घटाची रचना साधी असते. बहुवारिकाचा पापुद्रा एका इलेक्ट्रोडवर बसवतात. समोर दुसरा इलेक्ट्रोड, विभव मोजायला तिसरा संदर्भ इलेक्ट्रोड, आणि सगळे क्षार विरघळवलेल्या द्रावणात. पापुद्र्याचे विभव पुरेसे धन केले की साखळीतला इलेक्ट्रॉन इलेक्ट्रोडमध्ये निघून जातो. साखळीवर धनप्रभार उरतो. इतके धनप्रभार एका जागी नुसते साठून राहू शकत नाहीत, त्यांचे परस्पर अपाकर्षण प्रचंड होईल. म्हणून त्याच क्षणी द्रावणातला एखादा ऋणायन पापुद्र्यात शिरतो आणि हिशेब पुरा करतो. हे पी-प्रकारचे डोपिंग. विभव पुरेसे ऋण केले की इलेक्ट्रॉन साखळीत येतो आणि लिथियमसारखा धनायन आत शिरतो. हे एन-प्रकारचे डोपिंग. विभव परत आणले की इलेक्ट्रॉन आणि आयन दोघेही माघारी जातात. साखळीचा सांगाडा शाबूत राहतो, म्हणून हे पुन्हा पुन्हा करता येते.

या पद्धतीचा मोठा गुण म्हणजे मोजदाद. बाहेरच्या तारेतून गेलेला प्रत्येक इलेक्ट्रॉन प्रवाहात नोंदला जातो. एक मोल इलेक्ट्रॉन म्हणजे सुमारे ९६,४८५ कुलोम, हा फॅरडेचा स्थिरांक. एकूण प्रभार आणि पापुद्र्याचे वजन माहीत असेल तर किती वलयांमागे एक पोलॅरॉन तयार झाला ते गणिताने सांगता येते. पॉलिपायरोल वाढवतानाचा हिशेब तर फार सुंदर आहे. दोन वलये जोडताना प्रत्येक वलयाचे सरासरी दोन इलेक्ट्रॉन जातात आणि दोन प्रोटॉन द्रावणात सुटतात. मोजल्यावर मात्र वलयामागे सुमारे २.२५ ते २.३३ इलेक्ट्रॉन खर्च झालेले दिसतात. वरचा पाव ते तृतीयांश इलेक्ट्रॉन डोपिंगचा. पापुद्रा वाढतानाच त्याचे ऑक्सिडीकरणही होत असते, त्यामुळे तो जन्मतःच वाहक असतो. डायझ यांच्या पापुद्र्यांची वाहकता सेंटिमीटरला शंभर सीमेन्सच्या घरात होती.

इलेक्ट्रॉनांची मोजणी तारेत होते, तर आयनांची वजनावर. क्वार्ट्झच्या कंप पावणाऱ्या स्फटिकावर पापुद्रा बसवला की त्याचे वजन अगदी थोडे बदलले तरी कंपनसंख्या बदलते. एकीकडे प्रभार आणि दुसरीकडे वजन एकाच वेळी मोजले की आत आलेला आयन कोणता आणि त्याच्यासोबत द्रावकाचे रेणू आले का, हेही उकलते.

कोणता आयन हलतो?

पापुद्र्यात शिरलेला ऋणायन लहान असेल, उदाहरणार्थ परक्लोरेट, तर साखळीचे क्षपण करताना, म्हणजे तिला इलेक्ट्रॉन परत देताना, तोच बाहेर पडतो. पण पॉलिपायरोल वाढवतानाच त्यात डिटर्जंटमध्ये असतो तसा लांब शेपटीचा सल्फोनेट अडकवला, तर तो बाहेर पडू शकत नाही. मग क्षपणाच्या वेळी साखळीवरचा धनप्रभार नाहीसा झाला की अडकलेल्या ऋणायनाचा प्रभार भागवायला बाहेरून सोडियमसारखा धनायन पाणी घेऊन आत येतो. पहिल्या प्रकारात पापुद्रा ऑक्सिडीकरणाने फुगतो, दुसऱ्या प्रकारात क्षपणाने. साखळी तीच, इलेक्ट्रॉनांचा व्यवहारही तोच. आयन बदलला की फुगण्याची दिशा उलटते. एका व्होल्टच्या आसपासच्या विभवाने वाकणाऱ्या कृत्रिम स्नायूंसारख्या पट्ट्या याच तत्त्वावर बनवल्या गेल्या आहेत.

पेडॉटचे उदाहरण सर्वांत महत्त्वाचे. जर्मनीतल्या बायर कंपनीत १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात ते विकसित झाले. एकटे पेडॉट विरघळत नाही. त्याला पॉलिस्टायरीन सल्फोनेट या दुसऱ्या बहुवारिकाची जोड दिली की पाण्यात पसरणारे निळे मिश्रण मिळते आणि ते शाईसारखे लावता येते. फोटोफिल्मवर स्थितिक वीज साचू नये म्हणून त्याचा लेप देणे हा त्याचा सुरुवातीचा मोठा उपयोग. इथे ऋणप्रभार एका लांबलचक साखळीवर पक्के बसलेले आहेत. ते कुठेच जाऊ शकत नाहीत. म्हणून या मिश्रणात ये-जा करतात ते धनायन.

वेगाचे गणितही आयनांच्या हाती असते. इलेक्ट्रॉन चपळ, आयन मंद. जाड आणि घट्ट पापुद्र्यात आयनांना वाट काढायला वेळ लागतो. म्हणून पापुद्रा जितका पातळ आणि जितका पाणी शोषून मोकळा झालेला, तितका तो लवकर प्रतिसाद देतो. बराच काळ क्षपित अवस्थेत पडून राहिलेल्या पापुद्र्याचे पहिले ऑक्सिडीकरण पुढच्या फेऱ्यांपेक्षा जड जाते, कारण घट्ट मिटलेल्या साखळ्यांना आधी जागा करून द्यावी लागते.

जास्त डोपिंग म्हणजे जास्त वाहकता नव्हे

वाहकता दोन गोष्टींवर ठरते, प्रभारवाहक किती आहेत आणि ते किती सहज हलतात यावर. थोडे डोपिंग असताना प्रत्येक पोलॅरॉन आपल्या प्रतिआयनाच्या आकर्षणात अडकून पडतो. संख्या वाढली की ही आकर्षणक्षेत्रे एकमेकांत मिसळतात, सापळे उथळ होतात आणि संख्येबरोबर चलनक्षमताही वाढते. शिवाय एका साखळीवरून दुसऱ्या साखळीवर उडी मारावी लागते. साखळ्या वेड्यावाकड्या असतील तर या उड्याच सर्वांत जास्त वेळ खातात. म्हणूनच बहुतेक वाहक बहुवारिकांची वाहकता थंडीत घटते, धातूंची वाढते. साखळ्यांची मांडणी सुधारली की चित्र बदलते. २००६ मध्ये दक्षिण कोरियातल्या संशोधकांनी हीगर यांच्यासह पॉलिअॅनिलिनच्या सुधारित नमुन्यात खरी धातुसदृश वाहकता दाखवून दिली.

पण संख्या एका मर्यादेपलीकडे गेली की वाहकता पडते. सुरुवातीच्या प्रयोगातल्या पॉलिअॅनिलिनचे उत्तर इथे आहे. पूर्ण क्षपित अवस्थेत त्याच्या साखळीवर प्रभारवाहक नाहीत. पूर्ण ऑक्सिडीकृत अवस्थेत सगळ्याच जागांवरून इलेक्ट्रॉन गेलेले असतात, त्यामुळे हलायला जागाच उरत नाही. मधली अर्धी ऑक्सिडीकृत अवस्था, जिला एमराल्डिन म्हणतात, तेवढी वाहक असते, कारण तिथे भरलेल्या आणि रिकाम्या जागा शेजारी-शेजारी आहेत. अमेरिकेतल्या एमआयटीमध्ये मार्क राइटन यांच्या गटाने १९८५ मध्ये सूक्ष्म इलेक्ट्रोडांवर हे स्वच्छ दाखवले. विभवाच्या एका मधल्या पट्ट्यातच वीज वाहते, दोन्ही बाजूंना बंद होते.

पॉलिअॅनिलिनची आणखी एक खासियत आहे. एमराल्डिनचा निळा आम्लारी प्रकार आम्लात बुडवला की तो हिरवा आणि वाहक होतो. वाहकता सुमारे दहा अब्जपट वाढते, आणि तरीही साखळीतून एकही इलेक्ट्रॉन काढलेला नसतो की घातलेला नसतो. आम्लाचे प्रोटॉन नायट्रोजनवर बसतात, प्रतिआयन शेजारी येतात आणि साखळीतल्या इलेक्ट्रॉनांची आपसांत फेरमांडणी होऊन पोलॅरॉन तयार होतात. डोपिंगसाठी ऑक्सिडीकरण हा एकमेव मार्ग नाही, हे यातून कळते. प्रतिआयनाची गरज मात्र इथेही सुटत नाही.

एन-प्रकारचे डोपिंग दीर्घकाळ अवघड राहिले. साखळीत जादा आलेला इलेक्ट्रॉन हवेतला ऑक्सिजन आणि पाणी लगेच पळवतात. ऊर्जापातळ्या पुरेशा खाली आणणाऱ्या नव्या साखळ्या रचूनच ही अडचण दूर होते. २०२२ मध्ये चीनमधल्या संशोधकांनी सेंटिमीटरला २,००० सीमेन्सहून अधिक वाहकता असलेले आणि द्रावणातून लावता येणारे एन-प्रकारचे बहुवारिक जाहीर केले. इतकी वर्षे फक्त पी-बाजूवर उभ्या असलेल्या या क्षेत्राला दुसरा पाय मिळाला आहे.

दोन्ही व्यवहारांचा उपयोग

तांब्याची वाहकता सेंटिमीटरला सुमारे सहा लाख सीमेन्स. पॉलिअॅसिटिलिनचे निवडक नमुने या टापूच्या जवळ पोचले होते, पण ते हवेत टिकत नाहीत. घरातल्या तारा बहुवारिकाच्या करण्याची कल्पना प्रत्यक्षात आली नाही. त्यावरून या पदार्थांना अपयशी ठरवणे चूक आहे. ते जे करतात ते तांबे करूच शकत नाही, कारण तांब्यात आयन शिरत नाहीत.

आयन साठवायचे म्हणजे ऊर्जा साठवायची. पॉलिअॅसिटिलिनची पुन्हा भारित करता येणारी बॅटरी १९८१ च्या सुमारास मांडली गेली, आणि त्याच दशकाच्या अखेरीस पॉलिअॅनिलिन व लिथियमच्या बटणासारख्या बॅटऱ्या जपानी बाजारात आल्या. त्या मागे पडल्या त्याचे कारणही आयनांच्या हिशेबात आहे. ऋणायन द्रावणातूनच यायचे असल्यामुळे बॅटरीत तेवढे द्रावण आणि क्षार वाहून न्यावे लागतात आणि वजन वाढते. मात्र संगणकांच्या सर्किट-बोर्डांवरच्या छोट्या कपॅसिटरमध्ये पेडॉट आणि पॉलिपायरोल आज ठामपणे बसले आहेत.

१९९५ मध्ये छीबिंग पेई, हीगर आणि सहकाऱ्यांनी प्रकाश देणारा विद्युतरासायनिक घट दाखवला. एकाच पापुद्र्यात बहुवारिक आणि आयन मिसळलेले. दोन टोकांना विभव लावले की एका बाजूने पी-डोपिंग आणि दुसऱ्या बाजूने एन-डोपिंग सुरू होते. दोन्ही आघाड्या जिथे भेटतात तिथे आपोआप पी-एन संधी तयार होते आणि प्रकाश पडतो. सिलिकॉनच्या कारखान्यात अनेक टप्प्यांनी बनणारी संधी इथे आयन स्वतः रचतात.

सर्वांत आशादायक वाट शरीराकडे जाते. मेंदू आणि स्नायू इलेक्ट्रॉनांनी बोलत नाहीत, सोडियम-पोटॅशियमच्या आयनांनी बोलतात. धातूच्या इलेक्ट्रोडला हा संकेत केवळ पृष्ठभागावर टिपता येतो. पेडॉटचे तसे नाही, कारण आयन त्याच्या संपूर्ण जाडीत शिरतात. त्याची धारिता घन सेंटिमीटरला सुमारे ४० फॅरड मोजली गेली आहे. म्हणजे १०० नॅनोमीटर जाडीच्या थरात चौरस सेंटिमीटरला सुमारे ४०० मायक्रोफॅरड. साध्या धातूच्या पृष्ठभागावर ही संख्या दहांच्या घराबाहेर क्वचित जाते. राइटन यांच्या गटाने १९८४ मध्ये पॉलिपायरोल वापरून विद्युतरासायनिक ट्रान्झिस्टरचा पहिला नमुना दाखवला होता. त्याच तत्त्वावरच्या पेडॉटच्या ट्रान्झिस्टरांत थोडे धनायन आत शिरले की काही पोलॅरॉन नाहीसे होतात आणि वाहिनीतला मोठा प्रवाह बदलतो. आयनांचा बारीक संकेत तिथल्या तिथे वाढून इलेक्ट्रॉनांच्या संकेतात उतरतो. २०१३ मध्ये दियोन खोदागोली, जॉर्ज मालियारास आणि सहकाऱ्यांनी असे ट्रान्झिस्टर वापरून उंदरांच्या मेंदूच्या पृष्ठभागावरचे संकेत टिपले. दोन वर्षांनी पेडॉटचे इलेक्ट्रोड असलेल्या लवचिक जाळीने एकेका चेतापेशीचे स्पंदन मेंदूत न शिरता, वरून नोंदवले गेले, आणि ती जाळी अपस्माराच्या शस्त्रक्रियेतल्या रुग्णांवरही वापरली गेली.

या क्षेत्राबद्दल वाचताना किंवा शिकताना वाहकतेच्या आकड्यावर थांबू नये. प्रभार साखळीवर कोणत्या रूपात बसला आहे, त्याचा हिशेब भागवायला कोणता आयन आला, आणि तो आयन किती सहज ये-जा करू शकतो, हे तीन प्रश्न प्रत्येक पदार्थाला विचारावेत. वाहक बहुवारिकाचा रंग, फुगवटा, वेग, आयुष्य आणि उपयोग या तीन उत्तरांवर ठरतात. विजेचा अभ्यास म्हणजे केवळ इलेक्ट्रॉनांचा अभ्यास नाही, हे या पदार्थांनी प्रयोगशाळेत सिद्ध केले आहे. आपल्या शिकवण्यातही ते उतरले पाहिजे.